पाण्यातले पाय आणि जमिनीवरचे पाय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण भजन, रांगोळी, पाककृती असे कार्यक्रम करतो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, प्रत्येकीने बायकांच्या उपयोगाचा एक विषय घेऊन थोडे बोलावे. मी विषय घेतला आहे पायांचा. तो शोधायला मला लांब जावे लागले नाही. आपल्या सभेला पूर्वी सगळ्या जणी सतरंजीवर बसत. आता सतरंजी निम्मी मोकळी असते आणि खुर्च्या शेजारून मागवाव्या लागतात. हळदीकुंकवाला बोलावले तर पहिला प्रश्न येतो, "घर कितव्या मजल्यावर आहे?" चाळिशी ओलांडली की आपली गाठभेट गुडघ्याच्या मर्जीवर चालते. म्हणून हा विषय.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे हे शास्त्र मी शोधून काढलेले नाही. माझी एक भाची फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकते. तिच्या पुस्तकांतले तिने मला मराठीत समजावून सांगितले. मी तिला एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारली. जे मला नीट उमगले आणि माझ्या घरातल्या अनुभवाशी जुळले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवते.

प्रश्न असा आहे. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे जावे, तर ते सांगतात, चाला, व्यायाम करा, मांडीला बळ आणा. चालावे तर गुडघा आणखी ठणकतो. मग कोणी सांगते, पाण्यात चाला. आता पाण्यात उतरले की अंग हलके होते, बरे वाटते, हे खरे. पण त्यात पायाला व्यायाम होतो, की नुसता आराम मिळतो? पाण्यातल्या पायाचे काम आणि जमिनीवरच्या पायाचे काम एकच की वेगळे? आज एवढेच बघू.

पाण्याचा पहिला गुण आपल्याला पुस्तकाविना ठाऊक आहे. आडातून ज्यांनी घागर ओढली आहे त्या आठवून बघा. घागर पाण्यात बुडालेली असते तोवर ती भरलेली आहे हे हाताला कळतही नाही. तिचा काठ पाण्याबाहेर आला की एकदम हिसका बसतो आणि कंबर सांभाळावी लागते. घागर तीच, पाणी तेच. आत असताना भोवतालचे पाणी तिला खालून उचलून धरते. आर्किमिडीज नावाच्या ग्रीक पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वी याचा नियम सांगितला. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो.

आपल्या शरीरालाही हाच नियम. समजा एखादीचे वजन ६० किलो आहे. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली तर तिच्या पायांवर साधारण निम्माच भार येतो, म्हणजे २८ ते ३० किलो. छातीच्या खालच्या टोकापर्यंत पाणी आले तर १७ ते २० किलो. आणि गळ्यापर्यंत पाणी आले तर फक्त ५ ते ६ किलो. घरात दळणाचा लहान डबा उचलावा तेवढाच. ज्या बाईला जमिनीवर दहा पावले टाकणे जिवावर येते, ती छातीभर पाण्यात चालू शकते, त्याचे कारण हे.

पण पाण्याला दुसराही गुण आहे, आणि तो कोल्हापूरकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी गावात शिरले. तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणी कमरेएवढ्या पाण्यातून लेकरे, गाठोडी सांभाळत बाहेर पडल्या. अंगणापासून रस्त्यापर्यंतचे अंतर, एरवी मिनिटाचे. पण मांड्या भरून आल्या होत्या की नाही? अंग हलके झाले होते, तरी पाय दमले. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असते. ते वाट सहज देत नाही. पाय पुढे घ्यायचा तर पाणी ढकलून घ्यावा लागतो.

यातली खुबी अशी की, हा अडथळा आपल्या वेगावर अवलंबून असतो. घरी बादलीत हात घालून बघा. हात सावकाश फिरवला तर पाणी मुकाट बाजूला होते. जोराने फिरवला तर दंडापर्यंत जाणवते. वेग दुप्पट केला तर अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून पाण्यात चालणारी बाई जमिनीवरच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगाने चालली, तरी तिची दमणूक जमिनीवरच्या चालण्याएवढी होऊ शकते.

म्हणजे पाणी एका हाताने ओझे काढून घेते आणि दुसऱ्या हाताने काम देते. ओझे आपोआप उतरते. काम मात्र मागून घ्यावे लागते. हे वाक्य मी भाचीकडून ऐकले आणि मला फार पटले. टाकीत उतरून काठाला धरून गप्पा मारत उभे राहिले तर ओझे उतरेल, गुडघ्याला विसावाही मिळेल. पण मांडीला बळ येणार नाही.

आता हे नुसते अंदाजाने म्हणायचे की मोजता येते? मोजता येते. हृदयाचा कार्डिओग्राम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. छातीला बटणे चिकटवतात आणि कागदावर रेघा उमटतात. हृदय हा स्नायूच. तो आवळताना बारीक वीज निर्माण होते, तिच्या त्या रेघा. पायाचे स्नायूही आवळताना अशीच वीज निर्माण करतात. पोटरीवर, नडगीवर, मांडीवर तशीच बटणे चिकटवून ती वीज मोजतात. याला ई. एम. जी. म्हणतात. पाण्यात मोजायचे असेल तर बटणांवरून पाणी न शिरणारी पट्टी लावतात. मग माणसाला आधी जमिनीवर चालवतात, नंतर पाण्यात चालवतात आणि दोन्ही रेघा शेजारी शेजारी ठेवून बघतात.

जपानमध्ये असे प्रयोग बरेच झाले. तिथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना छातीच्या खालच्या टोकापर्यंतच्या पाण्यात, जमिनीवरच्या निम्म्या वेगाने चालवले. पायाचे जे स्नायू मोजले, त्यांचे काम पाण्यात कमी भरले. यावरून कोणी म्हणेल, मग झाले, पाण्यातला व्यायाम कुचकामी. तसे नाही. वेग वाढवत नेला, जमिनीवरच्या वेगाशी बरोबरी करायला गेले, की चित्र पालटते. मग नडगीच्या पुढच्या स्नायूचे आणि मांडीच्या स्नायूंचे काम जमिनीपेक्षाही वाढू शकते.

पण सगळे स्नायू सारखे वागत नाहीत. इथे थोडे थांबून ऐका, कारण आपल्या कामाची गोष्ट इथेच आहे.

जमिनीवर चालताना पोटरी दोन कामे करते. उभ्या अंगाचा तोल धरते आणि प्रत्येक पावलाला टाच उचलून अंग पुढे रेटते. पाण्यात अंगाचा भार पाण्याने धरलेला असतो. त्यामुळे पोटरीचे काम खूप कमी होते. काही ठिकाणी कमरेला तरंगता पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता, खोल पाण्यात जागच्या जागी धावण्याचा व्यायाम करतात. त्यात मांडीच्या स्नायूंचे, विशेषतः मागच्या बाजूच्या, काम जमिनीवरच्या चालण्यापेक्षा वाढलेले आढळले, आणि पोटरीचे कमी झालेले. टेकायला जमीनच नाही, तर पोटरीने रेटायचे कशाला?

नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल वर उचलून धरतो. पाण्यात पाय पुढे नेताना पाणी पावलाला खाली दाबते. तेव्हा बोटे वर धरून ठेवायला या स्नायूला झगडावे लागते. ज्या बायका चालताना सतरंजीच्या काठाला अडखळतात, त्यांच्या उपयोगाचा हा स्नायू.

आता मांडी. जमिनीवर खुर्चीत बसून पाय सरळ पुढे उचलला तर मांडीचा पुढचा स्नायू काम करतो. तोच पाय सावकाश खाली घेताना कोण काम करते? पुष्कळ जणींना वाटेल, मागचा स्नायू. नाही. पुढचाच. तो हळूहळू सैल होत पायाला धरून खाली सोडतो. पन्हाळ्याचा घाट उतरताना एस. टी. चा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून असतो ना, तसे. पैलवान तालमीत बैठका मारतो तेव्हा उठतानाही मांडीचा पुढचा भाग काम करतो आणि खाली जातानाही तोच काम करतो. चढताना इंजिन, उतरताना ब्रेक, दोन्ही तोच.

पाण्यात हा हिशेब बदलतो. पाय पुढे न्यायचा तर पाणी ढकलायला पुढचा स्नायू लागतो. मागे आणायचा तर पुन्हा पाणी ढकलायचे, पण आता मागचा स्नायू लागतो. दोघांना आळीपाळीने काम मिळते, आणि दोन्ही वेळा ते इंजिनाचे असते. ही पाण्याची चांगली बाजू. शिवाय ब्रेकचे काम कमी असल्याने दुसऱ्या दिवशी अंग फारसे मोडून येत नाही. पण उणी बाजूही हीच. पाणी ब्रेकची सवय करून देत नाही. आणि जिना उतरायला लागतो तो ब्रेकच.

हे मी पुस्तकातले बोलत नाही, आमच्या घरात घडलेले सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाईंची परवानगी घेऊन सांगते, त्या समोरच बसल्या आहेत. आमचे घर मंगळवार पेठेत, जुने, आणि त्यांची खोली माडीवर. जिना लाकडी आणि उभा. चार वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही गुडघे इतके दुखू लागले की त्या आठवड्यातून एकदा खाली येत, त्याही भिंतीला धरून, उलट्या तोंडाने, लहान मूल उतरते तशा. एका ठिकाणी दाखवले तर सांगितले, "आता वय झाले, विश्रांती घ्या, जिना बंद." विश्रांती घेतली. सहा महिन्यांत मांड्या वाळल्या आणि गुडघे जास्तच दुखू लागले. घरात लग्न झाले, ते त्यांनी माडीच्या खिडकीतून बघितले. ज्या बाईने या घरात पन्नास माणसांचा स्वयंपाक केला, तिला अंगणात काय चालले आहे हे विचारून कळावे, याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले नाही, पण आम्हाला दिसत होते.

मग भाचीच्या ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून पाण्यातला व्यायाम सुचवला. जाऊबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, ह्या वयात मी पाण्यात उतरलो तर लोक काय म्हणतील?"

मी म्हटले, "आक्का, लोकांचे राहू द्या. तुमचे गुडघे काय म्हणतात ते बघू."

आठवड्यातून दोन दिवस, त्या बाईंच्या देखरेखीखाली, छातीभर पाण्यात चालणे सुरू झाले. पहिले पंधरा दिवस नुसते सावकाश. भीती गेल्यावर पुढे, मागे, आडवे चालणे. मग काठाला धरून पाय पुढे-मागे झपाट्याने हलवणे. महिना-दीड महिन्यात घरात चालण्याचा वेग वाढला, रात्री कूस बदलताना कण्हणे कमी झाले. आम्ही खूश. पण जिन्याशी आल्या की पुन्हा तोंड फिरवून उलट्याच उतरत. पाण्यात सरसर चालणाऱ्या बाई जिन्यावर थरथरत. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "पाण्याने त्यांना चालायला बळ दिले. उतरायला जमीनच शिकवील." मग घरात सगळ्यांत खालच्या एका पायरीवर, कठडा धरून, एक पाय सावकाश खाली सोडायचा आणि वर घ्यायचा, असे सुरू केले. आधी पाच वेळा, मग आठ, मग दहा. एकीच्या दोन, दोनाच्या चार पायऱ्या व्हायला अडीच महिने लागले. आज त्या सरळ तोंडाने, कठडा धरून, एकट्या खाली येतात. गुडघे काही नवे झालेले नाहीत. पावसाळ्यात अजून कुरकुरतात. पण यंदा गौरीचे मुखवटे त्यांनी स्वतः अंगणातून आत आणले.

एका बाईच्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाही, हे मला कळते. म्हणून मोठ्या तपासणीचेही सांगते. कॉक्रेन नावाची संस्था जगभरचे प्रयोग एकत्र करून त्यांचा ताळेबंद मांडते. २०१६ साली त्यांनी गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेवर पाण्यातल्या व्यायामाचे १३ प्रयोग एकत्र तपासले. निष्कर्ष असा की, व्यायाम संपता-संपता दुखणे थोडे कमी होते आणि हालचाल थोडी सुधारते. फायदा खरा आहे, पण लहान आहे. कोणी तुम्हाला सांगेल की पाण्यात उतरा आणि ऑपरेशन टळेल, तर विश्वास ठेवू नका.

आणखी एक तपासणी मला फार नवलाची वाटली. जर्मनीत बर्लिन शहरात काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम सांध्यांच्या आतच भार मोजणारे यंत्र ठेवले होते. ती माणसे जमिनीवर आणि पाण्यात व्यायाम करताना सांध्यावर प्रत्यक्ष किती भार येतो, ते त्यातून कळले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. आपण साधे चालतो तेव्हा गुडघ्यावर वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो आणि जिना उतरताना तीन पटींच्याही पुढे जातो. कारण आपले वजन एक आणि स्नायू सांध्याला आवळून धरतात तो दाब दुसरा. छातीभर पाण्यात, पाय टेकवून केलेल्या व्यायामात हा भार साधारण एकतृतीयांश ते निम्म्याने कमी झाला. म्हणजे पायाखालचे वजन जेवढे उतरते, तेवढा सांध्याचा भार उतरत नाही, कारण स्नायू आपले काम करतच असतात. आणि पाण्यात फार जोराने पाय मारले तर भार पुन्हा वाढतो. म्हणून दुखऱ्या गुडघ्याने पहिल्याच दिवशी जोर करू नये. वेग हाच पाण्यातला वजनाचा काटा. तो हळूहळू पुढे सरकवायचा.

हाडांचेही सांगायला हवे. पाळी गेल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. हाडाला बळ येते ते भार पेलल्याने. पाणी भार काढून घेते, त्यामुळे हाडाला जमिनीवरच्या व्यायामाएवढे पोषण पाण्यात मिळत नाही. आपल्या आजी-पणज्या झिम्मा, फुगडी, पिंगा खेळायच्या. त्यात उड्या होत्या, गिरकी होती, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता. कोल्हापूरची पुरुष मंडळी तालमीत बैठका काढतात, आणि आपण म्हणतो व्यायाम त्यांचा. मंगळागौरीच्या रात्री आपल्या अंगणात जे चालायचे, तो व्यायाम नव्हता तर काय होते? ज्यांचे गुडघे अजून धड आहेत, त्यांनी पाण्याची वाट बघू नये. त्यांची तालीम जमिनीवरच आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, जागेची. पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्यात उतरून हा व्यायाम कोणी करू नये. पाणी स्वच्छ नाही, तळ सपाट नाही आणि शेवाळावरून पाय घसरला तर गुडघ्याच्या आधी खुबा मोडेल. पोहण्याच्या बांधीव तलावातच जावे. रंकाळ्याजवळचा अंबाई टँक आपल्याला ठाऊक आहे. शहरात इतरही तलाव आहेत. जाण्याआधी तलाव चालू आहे का, बायकांची वेळ कोणती, उथळ बाजूला पाणी किती, उतरायला पायऱ्या आणि कठडा आहे का, एवढे विचारून घ्यावे. पाणी आपल्या कमरेच्या वर आणि छातीच्या आसपास असावे. पोहता आलेच पाहिजे असे नाही, पण देखरेखीला माणूस हवाच.

दुसरी, कपड्यांची. साडी नेसून पाण्यात चालू नये. ओली साडी पायात गुंडाळते, तोल जातो. अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. तलावाच्या नियमात बसेल तो घ्यावा. एकदा पैसे जातात, पण चार जणींत एकीने धाडस केले की बाकीच्यांचा संकोच जातो.

तिसरी, सावधगिरीची. गळ्याइतक्या पाण्यात पाण्याचा दाब पायांतले रक्त वर छातीकडे ढकलतो. त्यामुळे पायांची सूज उतरते, हा फायदा. पण हृदयावर काम वाढते. म्हणून ज्यांना हृदयाचा त्रास आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, फिट येतात, पायाला जखम आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेह असलेल्यांनी पायाचे तळवे आधी आणि नंतर नीट बघावेत. पाण्यात घाम कळत नाही आणि लघवीलाही लवकर होते, तेव्हा आधी जाऊन यावे आणि नंतर पाणी प्यावे. हसू नका, कामाची गोष्ट आहे. थंडीच्या दिवसांत गार पाण्यात स्नायू आखडतात. तेव्हा उन्हाची वेळ बरी.

चौथी, करायचे काय. आधी पाच मिनिटे सावकाश चालावे. मग पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. मग काठ धरून एकेक पाय सरळ ठेवून पुढे-मागे, आत-बाहेर हलवावा. गुडघा वाकवून टाच मागे न्यावी आणि पुढे झटकावी. दोन शब्द बोलता येतील पण गाणे म्हणता येणार नाही, इतका दम लागला तर समजावे की पाणी काम देते आहे. दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकले तर वेग कमी करावा.

आणि पाण्यातून बाहेर पडताना सांभाळा. घागरीचा हिसका आठवा. अर्धा तास हलके असलेले अंग पायऱ्या चढताना एकदम जड होते. तेव्हा कठडा सोडू नये.

ज्यांना तलावाला जाणे जमणार नाही, आणि अशा आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. वेळ, पैसा, घरची माणसे, सगळ्यांचे गणित जमत नाही. घरात तीन गोष्टी करा. ओट्याला धरून टाचा वर उचला आणि सावकाश टेकवा, ही पोटरीची. उंच खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि त्याहून सावकाश बसा, ही मांडीची. एका पायरीवरून कठडा धरून पाय हळू खाली सोडा, ही ब्रेकची. आठ-दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. भात शिजेतोवर होते.

शेवटी माझी मंडळाला एक विनंती आहे. एकटी बाई तलावाच्या खिडकीवर जाऊन "बायकांसाठी वेगळी वेळ आहे का?" असे विचारते, तेव्हा तिला हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. पंधरा जणी सह्या करून, मंडळाच्या नावाने अर्ज घेऊन जातात, तेव्हा त्यांना खुर्ची मिळते. तर यंदा सहलीच्या यादीबरोबर ही दुसरी यादीही करावी. ज्यांना पाण्यात उतरायचे आहे त्यांनी नावे द्यावीत. उथळ बाजू, एक तास, आठवड्यातून दोन दिवस आणि देखरेखीला एक बाई, एवढेच आपण मागू. जाऊबाईंचे नाव मी पहिले लिहिले आहे. त्यांनी नवख्यांना हात धरून उतरवायचे कबूल केले आहे.

मात्र एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. पाण्यात जायचे ते पाण्यात राहायला नव्हे. आपले घर, आपला जिना, अंबाबाईचा प्रदक्षिणा-मार्ग, जोतिबाच्या पायऱ्या, लेकीच्या घरचा तिसरा मजला, हे सगळे जमिनीवर आहे. पाण्याने पायाला धीर दिला की तो धीर घेऊन जमिनीवर यायचे. पुढच्या वर्धापनदिनाला खुर्च्या दोन कमी मागवाव्या लागल्या, तरी मी म्हणेन आजचे बोलणे कामी आले.